गालातली काडी

निपाणीत एखाद्याच्या अंगाला तंबाखूचा वास येतो म्हणून त्याच्यावर संशय घेणं हा निव्वळ गाढवपणा आहे. इथे वखारींच्या रस्त्यानं नुसतं चालून आलं तरी सदरा वास धरतो. घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, त्याच वासात पोरं अभ्यास करतात आणि त्याच वासात पाहुण्याला चहा मिळतो. तरीही रोज दिवेलागणीला तानीबाई नवऱ्याला पुढ्यात बसवायची आणि म्हणायची, "आ करा." आणि ज्याच्या एका शब्दावर वखारीतल्या हमालांची भांडणं मिटायची तो भीमाप्पा, पांढऱ्या मिशांचा धिप्पाड म्हातारा, निमूटपणे आ करायचा.

तानीबाई नाक पुढे करायची. तिच्या स्वतःच्या बोटांना, पदराला, केसांना जन्माचा तंबाखूचा वास. तिला काय कप्पाळ कळणार होतं?

"येतोय व्हय गं?" भीमाप्पा विचारायचा.

"मला काय ठावं. सगळीकडंच येतोय," असं म्हणून ती पुन्हा सुपाकडे वळायची. पण फोनवर लेकीनं विचारलं की सांगायची, "आज तरी न्हाय वाटत." हे 'आज तरी' भीमाप्पाला फार लागायचं.

कारण हा उद्योग तानीबाईनं आपल्या मनानं काढला नव्हता. हुकूम बेळगावहून आला होता, लेकीचा. उपासना त्यांची एकुलती एक. आईच्या विड्यांवर आणि बापाच्या पाठीवरच्या पोत्यांवर शिकली, आयुर्वेदाची डॉक्टर झाली आणि बेळगावच्या एका कॉलेजात मास्तरीण म्हणून लागली. तिथल्या वडगावात, विणकरांच्या वस्तीत, खाली माग खडखडतात आणि वरच्या मजल्यावर तिचं भाड्याचं घर, भिंतभर पुस्तकं. कुठलं मूळ पोटात गेलं की त्याचं पुढे काय होतं, आतड्यातून काय रक्तात उतरतं, यकृत त्याची काय वाट लावतं आणि शेवटी काय बाहेर पडतं, हे ती मुलांना शिकवायची. एकदा भीमाप्पा तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसला होता. फळ्यावर माणसाचं पोट, त्यातून निघणारे बाण, परत फिरणारे बाण. त्याला काडीचं कळलं नाही. पण पोरगी बोलताना सगळा वर्ग माना खाली घालून लिहीत होता, एवढं बघूनच त्याची छाती भरून आली होती.

तंबाखू सोडवली ती याच पोरीनं. भीमाप्पाच्या गालात आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला तेव्हा तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "आप्पा, मला शब्द द्या." भीमाप्पानं कमरेची तंबाखूची चंची काढली आणि तिच्यादेखत गटारात टाकली. त्यानंतर चिमूटभर तंबाखू त्यानं जिभेला लावली नाही. आयुष्यात त्यानं दारू प्यायली, मारामाऱ्या केल्या, बायकोच्या अंगावर ओरडला, पण दिलेला शब्द मोडला असं कधी झालं नव्हतं. गरीब माणसाकडे दुसरं काय असतं? वखारीत मालकसुद्धा म्हणायचा, भीमाप्पानं सांगितलं ना, मग मोजायला नको.

तंबाखू सुटली, पण गाल ऐकेना. जीभ सारखी त्या रिकाम्या जागेकडे जायची, झोप लागायची नाही, उगाच कुणावर तरी खेकसावंसं वाटायचं. मग उपासनानं खडेबाजारातल्या जडीबुटीच्या दुकानातून ज्येष्ठमधाच्या काड्या आणल्या. "ही धरा गालात. गोड आहे, घशाला चांगली. तुमच्या गाण्यालाही बरी." भीमाप्पा जयंतीला मंडळात भीमगीतं गायचा आणि अलीकडे वरचा सूर लावताना त्याचा आवाज फाटायचा. काडी धरली आणि खरंच आवाज मोकळा झाला. मग काय, म्हाताऱ्यानं काडी धरली ती सोडलीच नाही.

आता तंबाखूवाला माणूस काडी कशी धरणार? तंबाखू धरतो तशीच. सकाळी डोळे उघडले की ताजी काडी. चहानंतर दुसरी. जेवताना काढून कानावर ठेवायची, जेवण झालं की परत गालात. आणि निजतानाही गालात एक हवीच, कारण तंबाखूची गोळी धरून निजणाऱ्याला रिकाम्या तोंडानं झोप येत नाही. फरक इतकाच, की तंबाखूचं पाणी थुंकायचं असतं आणि हे गोड. उपासना आली की बापाचा फुगलेला गाल बघून हसायची, फोटो काढायची.

त्या फोटोनंच पुढचं सगळं घडवलं. कॉलेजच्या प्रिन्सिपॉलना कल्पना आवडली. 'गोड काडी' नावाचा उपक्रम निघाला. ज्येष्ठमधाच्या काड्यांची पाकिटं, त्यांवर भीमाप्पाचा फुगलेला गाल आणि खाली डॉक्टर उपासनाचं नाव. विडी वळणाऱ्या बायका, वखारीतले हमाल, सगळ्यांना पाकिटं फुकट. भीमाप्पा रातोरात निपाणीचा आदर्श झाला. बसस्टँडवर पोरंटोरं ओळखायला लागली, "ते बगा काडीवालं आप्पा." म्हातारा वरवर वैतागायचा आणि आतून खूश व्हायचा.

आणि मग त्याचं ब्लडप्रेशर चढायला लागलं.

थोडं तर पहिल्यापासून होतंच, एक गोळी चालू होती. पण आता निपाणीचा डॉक्टर पट्टा गुंडाळायचा आणि भुवया उंच करायचा. गोळी बदलली, मग वाढवली. पाय सुजायला लागले म्हणून लघवी होऊन पाणी उतरावं यासाठी आणखी एक गोळी आली. त्यानं पाय उलट जडच झाले. रस्ता चढताना मांड्यांत गोळे यायचे. शेवटी डॉक्टर उपासनाला बाजूला घेऊन म्हणाला, "एवढ्या गोळ्या घेऊन प्रेशर उतरत नाही म्हणजे एक तर गोळ्या घेत नाहीत, नाहीतर तंबाखू पुन्हा चालू आहे. आणखी काही औषध देताय का तुमच्याकडचं?"

"नाही," उपासना म्हणाली. "काही नाही."

भीमाप्पा समोरच्या बाकावर बसला होता आणि त्याच्या गालात काडी होती. तिला ती दिसत होती. त्याला ती लागत होती. पण औषध म्हणावं असं दोघांच्याही मनात आलं नाही. काडी म्हणजे घरातली गोष्ट, लेकीनं प्रेमानं आणलेली. ती कुणी डॉक्टरला सांगतं का?

त्या दिवसापासून आ करणं सुरू झालं. रविवारी उपासना स्वतः यायची. गोळी हातात द्यायची, पाणी द्यायची आणि मग म्हणायची, "जीभ उचला." बाप जीभ उचलायचा. ती मोबाइलच्या उजेडात बघायची. चिडली की ती घरातली बोली सोडून कॉलेजातलं शुद्ध बोलायची, आणि त्या बोलण्यापुढे भीमाप्पाला आपण कुणी परका, फसवणूक करताना सापडलेला माणूस आहोत असं वाटायचं.

"बाळ, मी गोळ्या घेतोय. तंबाखूला हात लावल्याला न्हाय. तुला शब्द दिलाय मी."

"शब्द सगळेच देतात, आप्पा. पट्टा खोटं बोलत नाही."

भीमाप्पानं पाण्याचा पेला खाली ठेवला. ती गेल्यावर कितीतरी वेळ उंबऱ्यावर बसून राहिला. तानीबाई आतून म्हणाली, "अवो, खाल्ली आसंल तर सांगून टाका की. पोरगी काय फाशी दील?" तेव्हा मात्र त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. बाईनं आख्खा जन्म त्याच्यासोबत काढला आणि तीही म्हणत होती, सांगून टाका.

जयंतीच्या संध्याकाळी तो गायला उभा राहिला. हलगी, ढोलकी, निळे झेंडे, चौक गच्च भरलेला. ध्रुवपद झालं, पहिला अंतरा झाला आणि वरच्या सुराला हात उचलायला गेला तर हातच उठेना. मग गुडघे गेले. आवाज मात्र चालू होता, आणि म्हातारा गातागाता खाली बसला. लोकांना आधी वाटलं, रंगात आलाय. त्याला उठता येत नाही हे कळल्यावर धावपळ उडाली आणि त्या गर्दीत भीमाप्पाच्या कानांनी ऐकलं, कुणीतरी म्हणालं, "चोरून खातंय हो म्हातारं. त्येचाच झटका."

बेळगावच्या दवाखान्यात पूर्णिमा नावाची एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं रक्त तपासलं. रक्तातलं पोटॅशियम इतकं खाली गेलं होतं की हृदय चालू राहिलं हेच नशीब. सलाइनमधून ते हळूहळू भरलं आणि एक दिवस गेला तसे भीमाप्पाचे पाय हलायला लागले. जरा बरं वाटल्याबरोबर त्यानं तानीबाईला सांगून पिशवीतली काडी मागून घेतली. सकाळी पूर्णिमा आली तेव्हा गाल फुगलेला.

"आजोबा, तोंडात काय आहे?"

भीमाप्पा भडकला. "तंबाखू न्हाय! घ्या, तुमी बी घ्या वास." आणि त्यानं चावून चावून केसाळ झालेलं लाकूड तळहातावर काढलं.

पूर्णिमानं ते जवळून बघितलं. "ज्येष्ठमध? कधीपासून?"

"तंबाखू सोडली तवापास्नं. लेकीनं दिलंय. ती बी डाक्टर हाय, ही काय हितंच उबी हाय."

"दिवसातून किती वेळ असतं तोंडात?"

"आसतंयच की. जेवताना काढतो."

"आणि पाणी? थुंकता की गिळता?"

भीमाप्पाला हसू आलं. "गोड कोण थुंकतंय, बाई?"

पूर्णिमा हसली नाही. ती खाटेच्या कडेला बसली आणि त्याला समजेल असं सांगू लागली. ह्या काडीतला गोडवा तोंडात संपत नाही. तो आतड्यात गेला की तिथले जंतू त्याच्यातली साखर तोडून टाकतात आणि उरलेला अर्क रक्तात शिरतो. अंगात एक असा रस असतो की त्याला मोकळं सोडलं तर तो मीठ आणि पाणी धरून ठेवतो. निरोगी माणसाची मूत्रपिंडं त्या रसाला वेळच्या वेळी मोडून टाकतात. काडीचा अर्क नेमकं तेच काम बंद पाडतो. मग अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, प्रेशर चढतं आणि पोटॅशियम लघवीतून वाहून जातं. "तुम्ही गोळ्या नेमानं घेत होतात, आजोबा. पण गोळी उतरवणार आणि काडी चढवणार, मग आकडा हलणार कसा? त्यात पाणी उतरवायची गोळी दिली, तिनं उरलंसुरलं पोटॅशियमही नेलं."

"एक काडी चघळली तर एवढं व्हतंय?"

"एकीनं नाही होत. पण हा अर्क लवकर बाहेर पडत नाही. यकृत त्याला पित्तातून आतड्यात ढकलतं..."

"...आणि आतडं त्याला परत रक्तात घेतं," उपासना म्हणाली.

ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. हे वाक्य तिच्या तोंडून आपोआप निघालं, वर्गात निघावं तसं. भीमाप्पाला फळ्यावरचे ते परत फिरणारे बाण आठवले. पोरीला ठाऊक होतं. पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, फक्त ते फळ्यावरच्या पोटातलं होतं. बापालाही पोट आहे हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याला राग आला नाही. खरं सांगायचं तर आनंदच झाला. आपण खोटं बोललो नव्हतो! त्यानं मान वळवून लेकीकडे पाहिलं आणि वाट बघितली. एवढंच म्हणायचं होतं तिनं, आप्पा, चुकलं माझं, तुम्ही खरं बोलत होता. उपासना म्हणाली, "मी औषधं घेऊन येते," आणि बाहेर गेली.

परतीच्या वाटेवर ती गाडी चालवत होती आणि तानीबाई मागच्या सीटवर झोपली होती. हायवेवरचे ट्रक मागे पडत होते. संकेश्वर गेल्यावर ती हळू आवाजात बोलायला लागली.

"आप्पा, तंबाखूमुक्ती दिनाचा कार्यक्रम आहे. आरोग्य खात्याचे लोक येणार आहेत, जिल्हाभर ही काडी न्यायची म्हणतायत. तो होऊ द्या. मग मी हळूहळू बंद करते. पाकिटात बडीशेप घालीन, कुणाला कळणारही नाही."

"आन तवर लोकांनी गिळायचं?"

"सगळे तुमच्याएवढं नाही चघळत."

"वखारीतला मष्णू चघळतोय की. माझ्यापेक्षा जास्त."

तिनं पुढचा ट्रक मागे टाकला. मग बोलली ती घरातल्या बोलीत. "आप्पा, माज्या जाग्याला दुसरं कोण आसतं तर लोक म्हणलं आसतं, म्याडम चुकल्या. माजं चुकलं तर काय म्हणतील ठावं हाय न्हवं? आजून माज्या माघारी बोलत्यात, सवलतीवर आली, हिला काय येतंय. एवढी वर्सं मी एक चूक केली न्हाय. करून चालतच न्हाय मला. आन आता ही."

भीमाप्पाला हे समजत होतं. वखारीत एखाद्या दुसऱ्याचं पोतं फुटलं तर पोतं फुटलं म्हणायचे आणि भीमाप्पाचं फुटलं तर भीमाप्पाची जात काढायचे, हे त्यानं तरुणपणी भोगलेलं होतं.

"आन मी खोटं बोललो न्हाय, ह्ये कोण सांगणार, उपा? तुजी आई वास घेती माजा."

"आईला सांगते मी."

सांगितलं तिनं. म्हणाली, "आई, आता आप्पांचं तोंड बघायला नको. बरं आहे त्यांना." तानीबाईनं बरं म्हटलं आणि सूप मांडीवर घेतलं. का बघायला नको ते तिनं विचारलं नाही आणि कुणी तिला सांगितलंही नाही.

काडी सुटल्यावर भीमाप्पाच्या पायांची सूज उतरली, प्रेशरही खाली येऊ लागलं. जरा हिंडायला लागल्यावर तो पहिल्यांदा मष्णूकडे गेला. मष्णू त्याचा वखारीतला जोडीदार, एका पोत्याची दोन टोकं दोघांनी जन्मभर धरलेली. मष्णू चहाच्या गाड्यापाशी बसला होता, गाल फुगलेला, आणि चपलेचा अंगठा सुटून पाय बाहेर आलेला. पायाची सूज भीमाप्पाला लांबूनच दिसली.

"मष्ण्या, काड ती काडी. वाईट हाय ती. त्येच्यानंच माजं पाय गेलतं."

"कोण म्हणलं? उपासना म्हणली?"

भीमाप्पाला व्हय म्हणता येईना. "मी म्हणतोय की."

मष्णू त्याच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग मोठ्यानं हसला. "तुजा गाल बसलाय की रं! काडी सोडलीस? आरं मग सरळ सांग की, परत तंबाखूला गेलोय म्हणून. त्या काडीला कशाला नावं ठेवतूस? डाक्टर पोरीनं दिल्यालं औषद वाईट आन तुजी अक्कल चांगली व्हय?" गाड्यावरची माणसंही हसली. भीमाप्पानं चहा तसाच ठेवला आणि घरी आला. खरं बोलून काही उपयोग होत नाही, हे त्याला त्या दिवशी पक्कं समजलं.

कार्यक्रम समाजमंदिरात होता. पंखे गरगरत होते तरी घामाच्या धारा लागल्या होत्या. समोर विड्या वळणाऱ्या बाया, हमाल, कॉलेजची पोरंपोरी. व्यासपीठावर बेळगावहून आलेले खात्याचे साहेब, प्रिन्सिपॉल आणि मधे उपासना, पांढऱ्या साडीत, ताठ. भिंतीवर भीमाप्पाचा फुगलेल्या गालाचा भलामोठा फोटो. सकाळीच तिनं बापाला सांगून ठेवलं होतं, "तुम्ही एवढंच म्हणा आप्पा, तंबाखू सुटली. त्यात काही खोटं नाही." खरंच खोटं नव्हतं. भीमाप्पानं रात्रभर ते वाक्य घोळवलं होतं, आणि तेवढंच म्हणायचं ठरवून तो व्यासपीठावर चढला होता.

आधी दुसऱ्या सत्कारमूर्तीला बोलावलं. ती मूर्ती म्हणजे मष्णू. तो उठला, चपला हातात घेऊन, कारण त्या पायांत जात नव्हत्या. पायऱ्यांपाशी आला आणि पहिल्याच पायरीला त्याची मांडी लटपटली. दोन पोरांनी त्याला काखेत धरून वर घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उपासनानं शाल घातली, हातात पाकिटांचा गठ्ठा दिला. तिची नजर मष्णूच्या पावलांवर गेली ती भीमाप्पानं पाहिली. ती पावलं डांगरासारखी टरटरलेली होती. तिनं नजर उचलली आणि हात जोडले.

"भाळ छलो, भाळ छलो," साहेब कन्नडमध्ये म्हणाले, फार छान.

मग माईक भीमाप्पापुढे आला. त्यानं तो धरला. समोर तानीबाई पहिल्या रांगेत बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. मष्णू खुर्चीत बसून चघळत होता, लाळ गिळताना त्याचा कंठ खालीवर होत होता. काडी वाईट आहे म्हणावं तर मष्णू हसणार, सगळे हसणार. पोरीला विचारणार, आणि पोरीला आख्ख्या सभेसमोर एक काहीतरी निवडावं लागणार. तिच्यावर ती वेळ आणायची त्याला हिंमत झाली नाही. कदाचित ती काय निवडेल ते बघायची हिंमत झाली नाही.

"मंडळी," तो म्हणाला. आवाज चांगला लागला. "माजा ह्यो फोटू खोटा हाय. मी तंबाखू सोडल्याली न्हाय."

पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

"काडी मी धरली, खरं त्येनं काय व्हत न्हाय. लाकूड त्ये लाकूड. दोन दीस गोड लागतंय, मग परत हात चंचीकडं जातोय. चोरून खाल्ली मी, घरात खाल्ली, पोरीच्या म्होरं आ करून सुदिक खाल्ली. पोरगी माजी हुशार हाय, तिचं काय चुकल्यालं न्हाय. मीच फसवलं तिला. तवा तुमी बी उगंच ती काडी चघळत बसू नगा. काय उपेग न्हाय तिचा."

आधी एक बाई फिसकन हसली, मग हशा पसरत गेला. "म्हणलं न्हवतं मी!" कुणीतरी ओरडलं. मष्णूनं खुर्चीतच गालातली काडी बोटानं काढली, तिच्याकडे बघितलं आणि व्यासपीठाखाली फेकून दिली. "आयला, मी हिकडं लाकूड चावून दाताचा भुगा केला की रं," तो म्हणाला. मागे माणसं थुंकत होती, पाकिटं खाली पडत होती. तानीबाईनं पदर तोंडाला लावला होता. ती नवऱ्याकडे बघत नव्हती.

भीमाप्पानं लेकीकडे पाहिलं. सगळ्या सभेत त्याचं खोटं ओळखणारं एकच माणूस होतं आणि ते त्याच्यापासून हातभर अंतरावर उभं होतं. उपासनाचे डोळे भरले होते. तिचा हात त्याच्याकडे आला आणि त्याच्या हातातला माईक तिनं घेतला. क्षणभर त्याला वाटलं, आता बोलेल. सगळं बोलेल. त्याच्या काळजात भीती आणि आशा एकदमच उठली.

"शब्द दिलतासा आप्पा तुमी मला," ती म्हणाली.

घरातल्या बोलीत म्हणाली, माईकवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिचा आवाज फुटला. प्रिन्सिपॉलनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि साहेबांनी हळहळून मान हलवली.

"दिलता," भीमाप्पा म्हणाला. "मोडला."

तो पायऱ्या उतरून खाली आला. कुणी वाट दिली, कुणी खांद्यावर थाप मारली, जशी आपल्यातल्याच एका लबाडाला मारतात. मष्णू मागोमाग कुणाच्या तरी आधारानं उतरला आणि बाहेरच्या पायरीवर त्याच्या शेजारी टेकला. त्याचा चेहरा फार दिवसांनी मोकळा दिसत होता. त्यानं सदऱ्याच्या आत लपवून ठेवलेली चंची काढली, तंबाखू तळहातावर घेतली आणि अर्धी भीमाप्पापुढे धरली.

"घे की रं. आता कुणाची चोरी?"

आतून माणसं बाहेर येत होती. जाताजाता सगळी भीमाप्पाच्या हाताकडे बघत होती, घेतो की नाही. दारात उपासना येऊन थांबली होती. भीमाप्पानं तळहात पुढे केला.

"चुना दे," तो म्हणाला.